फ्रान्स : व्हेझेर नदीचं खोरं, गुहा आणि पायवाटा. पाच दिवस कसे लावावेत?

मु_पो_पुणे :

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दॉर्दोन्य जिल्ह्यात जायचं ठरतंय. मोंतिन्याक ते लिमयपर्यंतचं व्हेझेर नदीचं खोरं बघायचं आहे. आम्ही दोघं आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात, पण सपाटीवर तासभर आरामात चालते). हातात पाच पूर्ण दिवस आहेत, रविवारी संध्याकाळी पोचू आणि शनिवारी सकाळी निघू. आम्हा दोघांना सह्याद्रीत फिरायची सवय आहे, त्यामुळे रोज १०-१५ किमी चालायला हरकत नाही. प्रश्न असे :

१. लास्कोची मूळ गुहा बंद आहे हे माहीत आहे. मग खऱ्या चित्रांच्या कोणत्या गुहा आत जाऊन बघता येतात, आणि तिकिटं किती आधी काढायची?
२. पायवाटांच्या खुणा कशा ओळखायच्या? वाटाड्या लागतो का?
३. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल का?
४. आम्ही शाकाहारी. उपाशी तर नाही ना राहणार?

नकाशात सगळं जवळजवळ दिसतंय, म्हणून रोज तीन-चार ठिकाणं करावीत असा विचार आहे.

---

रानवाटा :

रोज तीन-चार ठिकाणांचा बेत आधी मोडा. अंतर कमी आहे हे खरं, मोंतिन्याक ते लेझेझी रस्त्याने २५ किमीच्या आसपास भरतं. पण इथला दिवस अंतरावर चालत नाही, तिकिटावरच्या वेळेवर चालतो. बहुतेक चित्रगुहांत गाइडबरोबर, ठरलेल्या वेळी, मोजक्या माणसांच्या गटानेच आत सोडतात. अजिंठ्यासारखं तिकीट काढून दिवसभर आपल्या मनाने रेंगाळता येत नाही. त्यामुळे गुहांच्या वेळा आधी पक्क्या करा आणि मग मधल्या मोकळ्या तासांत चाल बसवा. उलटं केलं की दोन्ही हातचं जातं.

खऱ्या, मूळ चित्रांसाठी आणि कोरीव कामासाठी चार नावं लक्षात ठेवा.

फों-द-गोम : लेझेझी गावाच्या पूर्वेला साधारण किलोमीटरभर, सार्लाकडे जाणाऱ्या डी ४७ रस्त्यावर. एकाहून जास्त रंगांत रंगवलेली चित्रं असलेली, लोकांसाठी अजून उघडी असलेली फ्रान्समधली ही शेवटची मूळ गुहा. म्हणून सगळी मारामारी हिच्याच तिकिटांची. रोज फार थोड्या लोकांना आत घेतात. पूर्वी पहाटे खिडकीसमोर रांग लावावी लागायची, आता आगाऊ आरक्षण करता येतं. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून जुन्या ब्लॉगवर विसंबू नका. सेंत्र दे मोन्युमाँ नासियोनो या सरकारी संस्थेच्या साइटवरच बघा. विमानाचं तिकीट काढलं की दुसरं काम हेच. शनिवारी बंद असते, पण तुम्ही शनिवारी निघताच आहात. इंग्रजी गटांच्या वेळा कमी असतात आणि त्या आधी संपतात. फ्रेंच गटाची जागा मिळाली तरी घ्या, गाइड बॅटरीने दाखवतोच.

कोंबारेल : त्याच रस्त्यावर आणखी दोनेक किमी पुढे. इथे रंग जवळजवळ नाही, खडकात कोरलेल्या रेषा आहेत, सहाशेहून जास्त आकृत्या. गट अगदी लहान, कारण बोळ अरुंद आहे.

रूफिन्याक : शंभर मॅमथांची (नामशेष झालेल्या केसाळ हत्तींची) गुहा म्हणतात, प्रत्यक्षात मॅमथ दीडशेच्या वर आहेत. आत आठ किमीहून जास्त बोळ आहेत, म्हणून छोट्या विजेच्या गाडीत बसवून नेतात. ही खासगी मालकीची. आगाऊ आरक्षण नाही, तिकीट त्याच दिवशी जागेवर. १ नोव्हेंबरनंतर हिवाळ्यात बंद.

काप ब्लां : चित्रं नाहीत, खडकात उठावात कोरलेले घोडे. पट्टा सुमारे १३ मीटर लांब, आणि मधला घोडा दोन मीटरच्या वर.

चारही बघायचा हट्ट नको. फों-द-गोम मिळाली तर ती, एक कोरीव कामाची, आणि रूफिन्याक, एवढं पुरे. दिवसाला एक गुहा, फार तर दोन. तिसरीत डोळे बघतात पण डोक्यात काही शिरत नाही.

आत बारा महिने तेरा अंशांच्या आसपास थंडी असते. बाहेर उन्हात टी-शर्टवर असाल तरी स्वेटर हातात ठेवा. पाठीवरची पिशवी फों-द-गोम आणि कोंबारेलमध्ये आत नेऊ देत नाहीत, कारण वळताना ती भिंतीला घासते. फोटोही बंद.

---

गारगोटी :

रानवाटांनी तिकिटांचं सांगितलंच आहे. मी बघायचं कसं ते सांगते, कारण नीट न बघता बाहेर येऊन "काही दिसलंच नाही" म्हणणारे पुष्कळ.

पहिला नियम : आधी संग्रहालय, मग गुहा. लेझेझीचं राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय कड्याला चिकटून आहे, नवी इमारत २००४ ची. मंगळवारी बंद (जुलै-ऑगस्ट सोडून), त्यामुळे सोमवारीच उरका. तिथे दगडी हत्यारं कालक्रमाने मांडली आहेत. ती बघितली की खोऱ्यातली गावांची नावं एकदम ओळखीची वाटू लागतात : ल मूस्तिए गावावरून मूस्तेरियन, ला मादलेनवरून मॅग्डलेनियन. जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ज्या काळांची नावं आहेत, त्यांतली बरीच याच २५-३० किमीच्या पट्ट्यातल्या पाट्यांवर सापडतात. क्रो-मान्यों (हिमयुगातल्या युरोपीय माणसाला दिलेलं नाव) हे तर लेझेझीतल्याच एका कपारीचं नाव. १८६८ मध्ये रेल्वेच्या कामासाठी माती काढताना तिथे सांगाडे निघाले. संग्रहालयाजवळच पोल द ला प्रेइस्तोआर हे माहिती केंद्र आहे, तिथे प्रवेश फुकट. दोन तासांत दोन्ही होतात, घाई केली नाही तर तीन.

इतकी माणसं इथेच का राहिली, हे चालताना कड्याकडे बघून कळतं. आपल्याकडचा बेसॉल्ट नाही हा, चुनखडक आहे, थर आडवे आणि कमीजास्त मऊ. मऊ थरात पाणी मुरायचं, हिमयुगात ते गोठायचं, फुगायचं आणि खडकाचे पापुद्रे सुटायचे. वर कठीण थर छपरासारखा पुढे राहिला आणि खाली पडवी तयार झाली. फ्रेंचमध्ये तिला 'आब्री' म्हणतात, पाटीवर हा शब्द दिसला की खोल गुहा नसून अशी पडवी आहे असं समजायचं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पडव्यांत दिवसभर ऊन, समोर नदी, आणि पाण्यावर येणारी जनावरं वरून दिसत.

आता प्रत्यक्ष चित्रं. फों-द-गोममध्ये शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, तिथे घाबरून गाइडच्या अंगावर जाऊ नका. डोळे सरावू द्या. गाइड दिवा समोरून न धरता बाजूने, भिंतीला समांतर धरतो. त्या वेळी दिव्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहा, म्हणजे कोरलेल्या रेषेची सावली दिसते. समोरासमोर उभे असणाऱ्यांना सपाट भिंत दिसते आणि कडेला उभ्या असणाऱ्याला शिंग. दोन रेनडियरांचं चित्र आहे, त्यातला नर मान खाली घालून गुडघ्यावर टेकलेल्या मादीचं कपाळ चाटतोय. मादी जवळजवळ विरून गेली आहे, नराची जीभ मात्र कोरलेली असल्यामुळे तिरप्या उजेडात स्पष्ट उमटते. एका घोड्याच्या मागच्या पायांसाठी चित्रकाराने भिंतीवर ओघळून घट्ट झालेला चुन्याचा थर तसाच वापरला आहे. हे गाइडला विचारून बघा, गर्दीत राहून जातं.

आणखी एक, फार कमी लोक जातात ते : आब्री द्यु प्वासों. छोटीशी पडवी, छताला मीटरभर लांबीचा सामन मासा, नराचा वाकडा खालचा जबडासुद्धा कोरलेला. माशाभोवती चौकोनात खोल खोबणी आणि भोकं दिसतील. ती चित्रकाराची नाहीत. १९१२ मध्ये सापडल्यावर मासा छतातून कापून बर्लिनच्या संग्रहालयाला विकायचा घाट घातला होता, तो वेळीच थांबवला गेला. ही जागा फक्त आरक्षणानेच उघडतात.

---

फिरस्ता_४५ :

पायवाटांबद्दल. वाटाड्या लागत नाही. खुणा शिकल्या की पुरे.

वर पांढरा, खाली लाल, असे दोन आडवे पट्टे : जीआर, म्हणजे लांब पल्ल्याची वाट. लेझेझीतून जीआर ६ आणि जीआर ३६ जातात. वर पिवळा, खाली लाल : त्या प्रदेशाची फेरी. एकच पिवळा पट्टा : पीआर, म्हणजे जिथून निघालात तिथेच परत आणणारी गोल वाट, साधारण दोन ते पाच तासांची. तुमच्या कामाच्या याच. पट्ट्यांखाली बाण असेल तर पुढे वळण आहे. आणि त्याच रंगांत फुली (×) असेल तर ही वाट तुमची नाही. फुलीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच चुकतात, कारण चुकीची वाट बहुतेक वेळा रुंद आणि छान असते, ट्रॅक्टर जाऊन झालेली.

आपल्याकडे चुकलो तर धनगरवाड्यावर विचारता येतं. इथे रानात दोन-दोन तास माणूस भेटत नाही. म्हणून एक शिस्त पाळा : फाट्यानंतर ३००-४०० मीटर गेलात आणि एकही खूण दिसली नाही, तर पुढे "बघू, येईल" करू नका, फाट्यावर परत या. इथलं रान चेस्टनट आणि ओकचं. चेस्टनटची झाडं खुंटासाठी ठरावीक वर्षांनी सरसकट तोडतात, आणि झाडाबरोबर त्यावरची खूणही जाते. त्यामुळे मोकळ्या तोडलेल्या पट्ट्यात खुणा शोधत बसू नका, पलीकडे रान पुन्हा सुरू होतं तिथे कडेने बघा.

नकाशा आयजीएनचा (फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा), १:२५,००० चा. गावातल्या पर्यटन कार्यालयात पीआर वाटांची पत्रकं मिळतात. फोनवर मोबाइल नेटवर विसंबू नका, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, खोऱ्याच्या तळाला आणि कड्यांच्या आडोशाला रेंज जाते.

चढ सह्याद्रीच्या हिशेबात काहीच नाही. नदी ६०-७० मीटर उंचीवर, वरची पठारं २००-२२० च्या आसपास. पण एकाच फेरीत तीन वेळा खाली-वर होतं, म्हणून १२ किमीला चार तास धरा, जेवण वेगळं. पाऊस पडून गेला की चुनखडकावरची ओली पानं आणि पांढरट चिखल साबणासारखा निसटतो. उतारावर काठी हवीच. सकाळी दहापर्यंत नदीवर धुकं असतं. त्या काळात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेआठला मावळतो, तेव्हा पहाटे पाचला निघायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. आठला अंधारातून उजाडतं, नऊला निघा.

दोन धोके, दोन्ही सप्टेंबरअखेरचे.

शिकार. हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. रानडुकराच्या हाकाऱ्याला रस्त्याच्या कडेला 'शास आँ कूर' अशी पाटी लावतात. म्हणजे आत शिकार चालू आहे. पाटी दिसली की ती वाट सोडा, वाद घालायचा नाही. शनिवार-रविवारी जास्त असतं. नारिंगी किंवा भडक पिवळं जाकीट घाला. भाड्याच्या गाडीत कायद्याने ठेवलेलं परावर्तक जाकीट असतं, तेच चालतं. खाकी, हिरवे कपडे नकोत.

गोचीड. गवताळ कडेने चाललात की पायाला लागते. लांब पँट, मोज्यात खोचलेली. रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि केसांच्या कडेला बघायचं. औषधाच्या दुकानात 'तीर-तीक' म्हणून प्लॅस्टिकची आकडी मिळते, ती कातडीलगत सरकवून हळूहळू फिरवत काढायची. तेल, रॉकेल, काडी लावायची नाही, त्याने ती पोटातलं जखमेत ओकते आणि लाइम रोगाचा धोका वाढतो. जागेवर पेनाने गोल करून तारीख लिहा. पुढच्या महिन्याभरात पसरत जाणारं लाल कडं दिसलं तर भारतात परतल्यावरसुद्धा डॉक्टरांना "फ्रान्समध्ये गोचीड चावली होती" हे सांगा, आपल्याकडे ते सहसा डोक्यात येत नाही.

पाणी : वाटेवर टपऱ्या नाहीत. माणशी दीड लिटर. गावातल्या स्मशानाच्या दाराशी नळ असतो, चालणारे सगळे तिथेच भरतात. फक्त 'ओ नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. आपत्कालीन नंबर ११२.

---

मु_पो_पुणे :

बाप रे, भरपूर माहिती. स्मशानातल्या नळाचं आईला सांगणार नाही :)

आईच्या गुडघ्यांचं कोणी सांगेल का? आणि गाडी, जेवण हे दोन प्रश्न राहिलेच.

---

रानवाटा :

आईंसाठी सगळ्यात सोपी रूफिन्याक. गाडीत बसूनच बघायची, पायऱ्या नाहीत. गाडी थांबते तिथे अस्वलांनी हिवाळ्यात झोपण्यासाठी उकरलेले खड्डे आणि भिंतीवरचे नखांचे ओरखडे दिसतात. शेवटी मोठं छत आहे, तिथे उतरून मान वर करून उभं राहायचं. छतावर मॅमथांच्या मधेमधे काजळीने लिहिलेली गेल्या दोन-तीन शतकांतल्या लोकांची नावंही आहेत, आपल्या किल्ल्यांवरच्या बहाद्दरांचेच पूर्वज.

फों-द-गोमला तिकीटघरापासून गुहेच्या तोंडापर्यंत सुमारे ४०० मीटर चढण आहे, पक्की वाट पण खडी. वीस मिनिटं आधी निघालात तर थांबत थांबत जमेल. कोंबारेल जवळजवळ सपाट, पण बोळ अरुंद, कोंडल्यासारखं वाटत असेल तर नको. ला रोक सँ-क्रिस्तोफ हा किलोमीटरभर लांब, ८० मीटर उंच कडा. माणसं त्यात थरावर थर घरं करून १५८८ मध्ये फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांच्या काळात तो उद्ध्वस्त होईपर्यंत राहिली. बघण्यासारखा आहेच, पण सगळा पायऱ्यांचा. आईंनी खालून बघावा. ग्रां रोक या गुहेलाही पायऱ्या फार.

त्यांना सँ-लेओं-स्युर-व्हेझेर गावात सोडा. नदीकाठी बाराव्या शतकातलं रोमनेस्क चर्च, सपाट गल्ल्या, बाक, कॉफी. तुम्ही दोघं तेवढ्यात कोत द जोरच्या कड्यावर जाऊन या. वरून नदीचं वळण दिसतं, आणि वर तिबेटी बौद्ध केंद्र आहे, त्याचं आईंना कौतुक वाटेल. लिमयला मात्र गाडी खालीच, नदीकाठी लावावी लागते आणि गाव चढावर आहे. आई खाली संगमावर बसतील. व्हेझेर तिथेच दॉर्दोन्यला मिळते, दोन नद्यांवरचे दोन पूल एकमेकांना काटकोनात.

---

स्टेपनी :

गाडी : तिघं आहात, त्यातल्या एकाचे गुडघे दुखतात, तर घ्या. लेझेझीला रेल्वे स्टेशन आहे, पेरिग्यो ते आझाँ मार्गावर, पण दिवसाला मोजक्याच गाड्या. मोंतिन्याकला रेल्वेच नाही. पॅरिसहून ब्रीव किंवा बोर्दोपर्यंत ट्रेनने या आणि तिथून गाडी घ्या, पॅरिसपासून चालवत येण्यात एक दिवस जातो.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा (मुदत एक वर्ष), आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा, नुसता आंतरराष्ट्रीय चालत नाही. इथे गिअरवाल्या गाड्या जास्त, ऑटोमॅटिक हवी तर लवकर बुक करा. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर काउंटरवर अडतं, हा सगळ्यात कॉमन घोळ.

गावाच्या नावाची पाटी लागली की वेग ५०, वेगळा फलक नसला तरी. नावावर तिरकी रेघ मारलेली पाटी लागली की गाव संपलं. बाहेर दुपदरी रस्त्याला ८०. जिथे काहीच खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो बोळातून येत असला तरी. पेट्रोल म्हणजे 'साँ प्लोम', एसपी ९५ किंवा ई १०. 'गाझोआल' म्हणजे डिझेल. रविवारी पंपावर माणूस नसतो. मशिनमध्ये चिपचं कार्ड घालायचं, आणि ते आधी शंभर-दीडशे युरो अडवून ठेवतं, मग खरी रक्कम कापतं. कार्डात नेमकेच पैसे असतील तर नाकारतं. टाकी शनिवारीच भरा.

गूगल सर्वांत जवळचा रस्ता म्हणून एका गाडीच्या रुंदीच्या शेतवाटेने नेतं. डी ७०६ आणि डी ४७ धरून राहा, पाच मिनिटं जास्त जातील.

---

भाकरतुकडा :

जेवण. हा बदकांचा मुलूख आहे हे आधी मान्य करा. आणि बदक दिसतं तिथेच असतं असं नाही. 'पोम सार्लादेझ' म्हणजे लसूण घातलेले बटाटे, दिसायला आपल्या भाजीसारखे, पण बदकाच्या चरबीत परतलेले. 'तूरँ' हे लसणाचं सूप, तेही बहुधा चरबीवरच. 'सालाद पेरिगुर्दीन'मध्ये बदकाचा गिझर्ड. नुसतं 'वेजेतारियाँ' म्हणून भागत नाही, 'साँ व्यांद, साँ पुआसों, साँ ग्रेस द कानार' (मांस नको, मासा नको, बदकाची चरबी नको) असं कागदावर लिहून दाखवा. अंडं चालत असेल तर सेप मशरूमचं ऑम्लेट, त्याचाच हंगाम आहे, पण तेही लोण्यात करा म्हणून सांगा. काबेकू हे बकरीच्या दुधाचं छोटं चीज आणि अक्रोड घातलेलं सॅलड बऱ्याच ठिकाणी मिळतं. चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध घट्ट करणारं, वासराच्या पोटातलं द्रव्य) असतं, ते चालत नसेल तर विचारून घ्या.

खरा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, 'जीत' म्हणतात. डाळीचं टेन्शन नाही : 'लांतीय कोराय' म्हणजे मसूर डाळ, मोठ्या दुकानात मिळते. तांदूळ 'री बासमती'. हिंग, मोहरी, गोडा मसाला घरून आणा, कुकर विसरा, मसूर वीस मिनिटांत उघड्या भांड्यात शिजते.

हॉटेलं जेवण बारा ते दोनमध्येच देतात. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद, हसतमुखाने नाही म्हणतात. दुकानंही दुपारी बंद. रविवारी दुपारनंतर सगळं ठप्प, आणि तुम्ही नेमके रविवारी संध्याकाळी पोचताय. म्हणून त्या रात्रीचं आणि सोमवारच्या नाश्त्याचं सामान ब्रीव किंवा बोर्दोत सकाळीच घ्या.

आठवडी बाजार : सोमवारी लेझेझी, मंगळवारी ल ब्युग, बुधवारी मोंतिन्याक. सगळे सकाळचे, साडेबारापर्यंत आवरतात. आणि रस्त्याच्या कडेच्या बागांत खाली पडलेले अक्रोड-चेस्टनट उचलू नका. ते बेवारस नसतात, शेतकऱ्याचं पीक आहे ते.

---

सडाफटिंग :

लास्कोबद्दल कोणी बोललंच नाही. माझं मत : लास्को ४, म्हणजे मोंतिन्याकला केलेली मूळ गुहेची नक्कल, टाळा. काचेची भलीमोठी इमारत, टॅबलेट, हेडफोन, आणि शेवटी नक्कल. खऱ्या गुहा असताना नकलेला अर्धा दिवस कशाला?

---

गारगोटी :

असहमत. मूळ लास्को १९४० मध्ये सापडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली, कारण माणसांच्या श्वासातला कार्बन डायॉक्साइड, बाष्प आणि दिव्यांमुळे भिंतींवर शेवाळ आणि पांढरे थर धरू लागले होते. ती आता कोणालाच बघायला मिळणार नाही. मग बैलांच्या दालनाचा खरा आकार कळण्याचा मार्ग नक्कलच. बैल पाच मीटरपर्यंत लांब आहेत, ते पुस्तकात कसे कळणार? फों-द-गोममधली चित्रं विरळ झाली आहेत, लास्कोची नक्कल बघितली की ती मुळात किती भडक असतील याचा अंदाज येतो. म्हणून क्रमही तसाच ठेवा : आधी लास्को, मग फों-द-गोम.

तुम्हाला टॅबलेटचा जाच वाटतो ते समजू शकते. तसं वाटणाऱ्यांसाठी लास्को २ ही जुनी नक्कल आहे, १९८३ ची, मूळ गुहेपासून २०० मीटरवर त्याच टेकडीत. त्यात दोनच दालनं केली आहेत, पण गट लहान. उघडे दिवस मात्र आधी बघा. आईंसाठी लास्को ४ सोयीची, उतार सौम्य आहे. बुधवारी मोंतिन्याकचा बाजार असतो, गावात गाडी लावायला जागा नसते, तेव्हा बाजार करायचा असेल तर नऊच्या आत पोचा आणि लास्कोची वेळ दुपारची घ्या.

---

फिरस्ता_४५ :

आता सगळं जोडून देतो.

सोमवार : लेझेझीचा बाजार, संग्रहालय. दुपारी व्हेझेरच्या काठाने लोजरी-ओत या पडवीकडे, गावापासून २-३ किमी. तिथे मातीचे थर कापलेले दिसतात, आतली भेट आरक्षणानेच. मंगळवार : सकाळी लवकर रूफिन्याकच्या तिकिटासाठी. आधी पोचलात तर पहिल्या गाड्यांत जागा मिळते, अकराला गेलात तर दुपारचा नंबर लागू शकतो. रूफिन्याक गाव मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी जाळलं, चर्च तेवढं वाचलं. ते येताजाता बघा. बुधवार : मोंतिन्याक, लास्को, येताना सँ-लेओं. गुरुवार : फों-द-गोम ज्या वेळेला मिळेल त्याप्रमाणे, उरलेल्या वेळात पिवळ्या खुणेची फेरी.

शुक्रवारी काप ब्लां आणि कोमार्कचा किल्ला. दोन्ही ब्योन या छोट्या नदीच्या खोऱ्यात, समोरासमोरच्या अंगाला. खोऱ्याचा तळ दलदलीचा आहे, खुणेची पायवाट सोडून "सरळ पलीकडे जाऊ" करू नका, पाय पोटरीपर्यंत जातो. कोमार्कला वाहनतळापासून रानातून सहाशे-सातशे मीटर चालावं लागतं, जाताना उतार, येताना चढ. काप ब्लांजवळच्या लोसेलच्या पडवीत १९११ मध्ये शिंग हातात धरलेली स्त्रीची प्रसिद्ध मूर्ती सापडली. ती इथे नाही, बोर्दोच्या संग्रहालयात आहे. बोर्दोवरून परतणार असाल तर शनिवारी बघता येईल.

पावसाचा दिवस निघाला तर शुक्रवार आणि मंगळवार बदला, रूफिन्याकला पावसाने फरक पडत नाही. फों-द-गोम मात्र हलवता येत नाही.

---

मु_पो_पुणे :

फों-द-गोमच्या गुरुवारच्या तीन जागा मिळाल्या, दुपारी, फ्रेंच गटात. एकच शेवटचं : नदीतून कनूने जाता येतं असं वाचलं. सप्टेंबरअखेर चालू असतं का?

---

स्टेपनी :

बरेच जण सप्टेंबरअखेरपर्यंतच चालवतात, काही आधी बंद करतात. आठवडाभर आधी फोन किंवा मेल करून विचारा. नदी संथ आहे, पण पोहता येणं ही अटच असते. सँ-लेओं ते लेझेझी हा टप्पा घ्या, ला रोक सँ-क्रिस्तोफचा कडा आणि ला मादलेनचं वळण पाण्यातून दिसतं. वल्हवत, थांबत चारेक तास धरा. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी असतं, उथळ जागी खडे लागतात, तिथे उतरून कनू ओढावी लागते. म्हणून पायात चपला नकोत, पट्ट्यांचे सँडल किंवा जुने बूट हवेत. झाकणाचा प्लॅस्टिकचा पिंप देतात, त्यात पासपोर्ट आणि गाडीची किल्ली. इलेक्ट्रॉनिक किल्ली खिशात ठेवून भिजवलीत तर तिचा खर्च तुमच्या माथी, विम्यात ती बहुधा येत नाही. तुम्ही पाण्यात असताना आईंना लेझेझीत संग्रहालयाच्या गच्चीवर बसवा, सावली आहे. निघताना किंवा पोचल्यावर कंपनीची व्हॅन तुम्हाला गाडीपर्यंत सोडते. कधी सोडते ते आधी विचारून घ्या. निघण्याआधी सोडत असेल तर गाडी लेझेझीतच लावा, म्हणजे शेवटी व्हॅनची वाट बघावी लागत नाही.